छोट्या लोडरची मागची काच : दुरुस्ती आणि सुरक्षितता

पावसाळ्यापूर्वीची नालेसफाई, कचरा-डेपोवरील ढिगांची हलवाहलव, अरुंद गल्लीतील रस्त्याचे काम, बाजार समितीच्या आवारातील साफसफाई अशा अनेक कामांसाठी राज्यातील नागरी व ग्रामीण स्वराज्य संस्था लहान आकाराची यंत्रे वापरू लागल्या आहेत. ज्या बोळात मोठा जेसीबी वळू शकत नाही, तेथे ‘स्किड स्टीअर लोडर’ हे बुटके, चार चाकांचे यंत्र सहज शिरते. बोलीभाषेत त्याला सरसकट ‘बॉबकॅट’ म्हणतात. काही संस्थांनी अशी यंत्रे विकत घेतली आहेत. पुष्कळ ठिकाणी ती ठेकेदाराकडून भाड्याने येतात.

यंत्राच्या देखभालीचा विषय निघाला की इंजिन, टायर आणि हायड्रॉलिक नळ्या यांचीच चर्चा होते. चालकाच्या पाठीमागची काच फुटली, तर ती किरकोळ बाब समजली जाते. तिच्या जागी प्लायवूड ठोकले जाते, पत्रा बसवला जातो, किंवा जवळच्या कारखान्यात नेऊन लोखंडी जाळी कायमची वेल्डिंग करून घेतली जाते. यंत्र चालू राहते, काम अडत नाही, म्हणून दुरुस्ती झाली असे सर्वजण मानतात. वस्तुतः त्या दिवशी चालकाचा जीव वाचवणारी एक वाट बंद झालेली असते. या यंत्राच्या बहुतेक नमुन्यांत मागची खिडकी हाच संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग असतो. म्हणूनच ही काच बदलण्याचे काम शास्त्रशुद्ध कसे करावे, हे यंत्रचालकाप्रमाणेच ते यंत्र घेणाऱ्या व भाड्याने लावणाऱ्या अधिकाऱ्यांनी आणि पंचायत सदस्यांनीही समजून घेणे अगत्याचे आहे.

यंत्राची घडण

या यंत्राचा जन्म अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात झाला. रॉथसे या गावी सिरिल व लुई केलर या बंधूंचा लोहारकामाचा व दुरुस्तीचा कारखाना होता. टर्की पक्षी पाळणाऱ्या एका शेतकऱ्याला आपल्या कोठारातील घाण काढण्यासाठी खांबांमधून वळू शकेल असे हलके यंत्र हवे होते. केलर बंधूंनी १९५७ साली त्याला तीन चाकांचा छोटा लोडर करून दिला. पुढे मेलरो या कंपनीने त्यांना आपल्याकडे घेतले, १९६० साली चार चाकांचे यंत्र तयार झाले आणि १९६२ पासून ‘बॉबकॅट’ हे नाव रूढ झाले.

या यंत्राची चाके मोटारीप्रमाणे डावी-उजवीकडे वळत नाहीत. एका बाजूची दोन्ही चाके एकत्र फिरतात आणि दुसऱ्या बाजूची त्यांच्याहून कमी वेगाने किंवा उलट दिशेने फिरतात. त्यामुळे यंत्र घसरत घसरत जागच्या जागी वळते. बकेट उचलणाऱ्या दोन भुजा यंत्राच्या मागील बाजूस सांधलेल्या असतात आणि चालककक्षाच्या अगदी लगत दोन्ही बाजूंनी पुढे येतात. चालक मधोमध बसतो. दोन्ही बाजूंना भुजा असल्याने बाजूला दार ठेवणे शक्य नसते. म्हणून चालक समोरून, बकेटवर पाय ठेवून आत शिरतो. एकाच बाजूला भुजा असलेली व बाजूने दार उघडणारी यंत्रेही काही उत्पादक तयार करतात. परंतु दोन भुजांची समोरून प्रवेशाची रचनाच अधिक प्रचलित आहे.

धोका नेमका या रचनेतून उद्भवतो. भुजा अर्धवट वर असताना इंजिन बंद पडले, तर अनेक नमुन्यांत समोरचे दार भुजांना अडते. नाल्याच्या काठावरून यंत्र पुढे घसरले आणि बकेट समोरच्या भिंतीत किंवा गाळात रुतली, तर पुढून बाहेर येणे अशक्य होते. यंत्र नाकावर कलले आणि खाली पाणी असेल, तर वेळ फारच थोडा असतो. अशा वेळी चालकाने वळून मागची खिडकी ढकलायची आणि तेथून बाहेर पडायचे, अशी योजना उत्पादकाने केलेली असते.

ही योजना साधी आहे. काच रबरी बीडिंगमध्ये बसवलेली असते. त्या बीडिंगच्या खाचेत आणखी एक बारीक रबरी दोरी दाबून घातलेली असते. तिच्यामुळे बीडिंगचे ओठ काचेला घट्ट पकडून ठेवतात. दोरीच्या टोकाला एक पट्टी अथवा कडी जोडलेली असते व ती आतल्या बाजूस, बहुधा खिडकीच्या वरच्या कडेला दिसते. ती ओढली की दोरी निघून येते, बीडिंगची पकड ढिली होते आणि हाताने किंवा पायाने ढकलताच काच बाहेर पडते. काही नमुन्यांत दोरीऐवजी खटके असतात. पद्धत कोणतीही असो, आत बसलेल्या माणसाला हत्यारावाचून, काही क्षणांत बाहेर पडता यावे हा तिचा हेतू होय.

काच का फुटते

मागच्या काचेवर आघात येण्याची कारणे अनेक आहेत. यंत्र मागे घेताना झाडाची फांदी, लोखंडी सळई किंवा भिंतीचा कोपरा लागतो. शेजारी चालणाऱ्या गवत कापण्याच्या यंत्रातून खडे उडतात. बीडिंग जुने होऊन कडक झाले, की काचेची कड लोखंडी चौकटीला घासू लागते आणि एखाद्या धक्क्याने काच फुटते. चौकटीवर गंज चढून फुगला, तरी कडेवर दाब येतो. म्हणजे काच वारंवार फुटत असेल, तर दोष काचेत नसून बीडिंगमध्ये किंवा चौकटीत असण्याचा संभव अधिक असतो. नुसती काच बदलून हा दोष जात नाही.

काचेची निवड

खिडकीच्या घराची साधी काच या ठिकाणी कधीही वापरू नये. ती फुटली की तिचे लांब, धारदार तुकडे होतात व चालकाच्या मानेला आणि पाठीला गंभीर इजा होऊ शकते. यंत्रासाठी सामान्यतः टफन्ड, म्हणजे उष्णतेने कणखर केलेली काच वापरतात. काच सुमारे ६२० ते ६५० अंश सेल्सियसपर्यंत तापवून तिच्यावर एकदम थंड हवेचे झोत सोडतात. बाहेरचा थर आधी गोठतो. आतला भाग नंतर थंड होऊन आकसू लागतो व बाहेरच्या थराला ओढून धरतो. परिणामी पृष्ठभाग कायमच्या दाबाखाली आणि गाभा ताणाखाली राहतो. अशी काच तेवढ्याच जाडीच्या साध्या काचेपेक्षा सुमारे चार ते पाच पट मजबूत असते, आणि फुटलीच तर तिचा बोथट खड्यांसारखा चुरा होतो. काच तापवून एकदम थंड करण्याची एक पद्धत फ्रान्समधील दे ला बास्ती यांनी १८७४ साली पुढे आणली होती. त्या काळी हवेऐवजी तापवलेले तेल वापरले जाई. शाळेतील विज्ञान-शिक्षकांना हा विषय वर्गात सहज दाखवता येईल. ध्रुवीकृत चष्म्यातून मोटारीच्या मागच्या काचेकडे पाहिले असता जे ठिपके किंवा पट्टे दिसतात, ते काचेत अडकून पडलेल्या याच ताणाचे चित्र होय.

या गुणातूनच एक व्यावहारिक बंधन निर्माण होते. टफन्ड काच तयार झाल्यावर कापता येत नाही, घासून लहान करता येत नाही आणि तिला भोकही पाडता येत नाही. तसा प्रयत्न करताच संपूर्ण काचेचा चुरा होतो. कापणे, कडा घासणे, कोपरे गोल करणे आणि भोके पाडणे ही सर्व कामे काच भट्टीत जाण्यापूर्वी झाली पाहिजेत. म्हणून माप चुकले तर दुरुस्ती नाही. काच नव्यानेच करावी लागते. शक्य असेल तेथे उत्पादकाच्या सुटे भाग पुरवणाऱ्या विक्रेत्याकडून, यंत्राचा नमुना व क्रमांक देऊन, तयार काच मागवावी. स्थानिक काच-कारखान्यातून करून घ्यावयाची असल्यास जाड पुठ्ठ्याचा नमुना कापून द्यावा, मूळ काचेएवढीच जाडी मागावी आणि रस्त्यावरील वाहनांच्या सुरक्षा-काचेसाठी असलेल्या आयएस २५५३ (भाग २) या भारतीय मानकाची खूण काचेवर आहे की नाही हे पाहून घ्यावे.

झाडी तोडणे किंवा दगड फोडणे अशा कामांवरील यंत्रांना पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकची खिडकी बसवतात. ती सहसा फुटत नाही. परंतु तिला ओरखडे लवकर पडतात आणि पेट्रोल, थिनर किंवा अमोनियायुक्त द्रावणाने पुसल्यास ती धुरकट होते व तडकते. ती स्वच्छ करण्यास भरपूर पाणी, सौम्य साबण व मऊ कापड पुरेसे असते. शिवाय उष्णतेने ती काचेच्या सात-आठ पट प्रसरण पावते. एक मीटर लांबीचा तुकडा तापमानात ४० अंशांचा फरक पडल्यास अडीच मिलिमीटरहून अधिक वाढतो. बीडिंगमध्ये तेवढी मोकळीक न ठेवल्यास उन्हाळ्यात खिडकी फुगून वाकते. पॉलिकार्बोनेट हातोडीने फुटत नसल्यामुळे, ते बसवताना ओढण्याची दोरी किंवा खटका शाबूत ठेवणे अधिकच आवश्यक ठरते. उत्पादकाने ज्या खिडकीसाठी जो पदार्थ सांगितला असेल, तोच वापरावा हा सर्वांत सुरक्षित नियम होय.

काच बदलण्याची रीत

हे काम दोन माणसांचे आहे. यंत्र सपाट जागी उभे करावे, बकेट जमिनीवर टेकवावी, ब्रेक लावावा, इंजिन बंद करून किल्ली काढून घ्यावी. भुजा वर ठेवून त्यांच्याखाली किंवा जवळ काम करू नये. इंजिन मागच्या बाजूसच असते. म्हणून ते थंड होईपर्यंत थांबावे. जाड हातमोजे, चष्मा आणि बंद बूट वापरावेत.

फुटलेल्या काचेचा चुरा काढण्यापूर्वी मागील जाळी, रेडिएटर व तेल थंड करणारा भाग ताडपत्रीने झाकावा. बऱ्याच यंत्रांत हे भाग खिडकीच्या लगेच खाली असतात आणि काचेचे खडे त्यांत शिरले, तर पंखा व जाळ्या यांना इजा होते. मग उरलेली काच बाहेरच्या बाजूस पाडावी. आसनाच्या फटी, पायाजवळची जागा आणि नियंत्रण-दांड्यांचे सांधे व्हॅक्यूम यंत्राने स्वच्छ करावेत. हवेच्या झोताने फुंकल्यास खडे डोळ्यांत उडतात किंवा आणखी आत जातात.

यानंतर जुने बीडिंग काढून चौकटीची पाहणी करावी. गंज तारेच्या ब्रशने घासून काढावा, प्रायमर व रंग लावून पूर्ण वाळू द्यावा. चौकट वाकली असेल, तर हातोडीने ठोकून ती सरळ करण्याच्या भरीस पडू नये. चालककक्ष ही केवळ ऊन-पावसापासून आडोसा देणारी टपरी नव्हे. यंत्र उलटल्यास चालकाभोवती जागा शिल्लक राहावी यासाठी तो विशिष्ट कसोट्यांना उतरवलेला सांगाडा असतो. आयएसओ ३४७१ हे आंतरराष्ट्रीय मानक याच कसोटीचे आहे. त्याला भोक पाडणे, वेल्डिंग करणे किंवा त्याचा एखादा भाग कापणे म्हणजे त्याची ताकद अनिश्चित करून टाकणे होय. जाळी वेल्डिंग करून बसवण्यात म्हणूनच दुहेरी चूक होते : बाहेर पडण्याची वाट बंद होते आणि सांगाडाही दुबळा होण्याचा संभव निर्माण होतो.

नवीन काचेबरोबर बीडिंगही शक्यतो नवीनच घ्यावे. बीडिंगची कोणती बाजू आत व कोणती बाहेर, आणि त्याचा जोड कोठे ठेवायचा, हे उत्पादकाच्या पुस्तिकेतील आकृतीवरून ठरवावे. ते उलट बसले तर दोरीची कडी बाहेर जाते आणि आतल्या माणसाला तिचा काहीही उपयोग राहत नाही. प्रथम बीडिंग काचेभोवती घालावे. चौकटीवर बसणाऱ्या खाचेत सुतळीएवढी जाड नायलॉनची दोरी सर्व बाजूंनी घालून तिची दोन्ही टोके एका ठिकाणी थोडी एकमेकांवर ओढून मोकळी सोडावीत. चौकटीला व बीडिंगला साबणाचे पाणी लावावे. तेल किंवा ग्रीस लावू नये. त्याने रबर फुगते व कुजते. एका माणसाने काच बाहेरून तळहाताने दाबून धरावी आणि दुसऱ्याने आतून दोरीची टोके हळूहळू ओढावीत. दोरी जसजशी निघते, तसतसा बीडिंगचा ओठ चौकटीच्या कडेवर चढत जातो. काच ठोकून बसवू नये. पाच मिलिमीटर जाडीच्या काचेचे वजन दर चौरस मीटरला साडेबारा किलो असते. त्यामुळे ती एकट्याने सांभाळण्याचे साहस करू नये.

काच चारही बाजूंनी सारखी बसली याची खात्री झाल्यावर शेवटी पकड देणारी रबरी दोरी खाचेत दाबावी. तिची कडी आत, नजरेस पडेल अशी मोकळी सोडावी. ती कापू नये, रंगवू नये, आसनामागे खोचू नये. ‘पाणी येते’ म्हणून बीडिंगभोवती सिलिकॉन किंवा इतर चिकट पदार्थ भरण्याची पद्धत सर्वत्र दिसते. दोरीने सुटणाऱ्या खिडकीत असा पदार्थ भरला की काच चौकटीला चिकटते व ओढूनही निघत नाही. पाणी येत असेल, तर बीडिंग बदलणे हाच खरा उपाय आहे.

शेवटची परीक्षा

बसवलेल्या काचेवर पाणी मारून गळती पाहणे, आणि चालकाच्या आसनावरून मागचा रस्ता स्पष्ट दिसतो की नाही हे पाहणे, या दोन परीक्षा बहुतेक कारागीर करतात. तिसरी परीक्षा मात्र क्वचितच होते आणि तीच महत्त्वाची आहे. चालकाने आसनावर बसून, पट्टा सोडून, कडी ओढावी व काच बाहेर ढकलावी. बाहेर दोघांनी ती झेलण्यास उभे राहावे. काच सहज निघाली तर काम बरोबर झाले. मग ती पुन्हा बसवावी. या खटाटोपास अर्धा-पाऊण तास अधिक लागतो. परंतु त्यातून काचेची परीक्षा होते आणि चालकालाही ती वाट एकदा प्रत्यक्ष माहीत होते. संकटाच्या क्षणी माणूस पुस्तिका उघडत नाही. हाताला जे ठाऊक असते तेच तो करतो.

मागच्या काचेवर काळी फिल्म, चित्रे किंवा मोठी अक्षरे लावण्याची हौस टाळावी. हे यंत्र दिवसभर पुढे-मागे होत असते आणि त्याच्या मागे मजूर, पादचारी, मुले असू शकतात. मागचे दिसणे हे चालकाइतकेच त्यांच्याही जिवाशी निगडित आहे. मागे जाताना वाजणारा भोंगा काचेची उणीव भरून काढू शकत नाही.

संस्थांनी काय करावे

खरेदीच्या वेळी मराठीतील चालक-पुस्तिका आणि बीडिंगसह एक जादा मागची काच यांची मागणी करता येते. टफन्ड काच ऐनवेळी मिळण्यास दिवस लागतात. भांडारात ती असली तर प्लायवूड ठोकण्याचा मोह होत नाही. भाड्याने यंत्र घेताना करारात ‘मागची खिडकी मूळ स्वरूपात, उघडण्याच्या साधनासह शाबूत असावी’ अशी एक ओळ घालण्यास काही खर्च येत नाही. यंत्र कामावर रुजू होताना ग्रामपंचायत अधिकाऱ्याने किंवा कनिष्ठ अभियंत्याने पाच गोष्टी पाहाव्यात : काच आहे काय, तिच्या जागी पत्रा किंवा जाळी नाही ना, कडी आत दिसते काय, बीडिंगभोवती चिकट पदार्थ नाही ना, आणि चालकाला ती वाट माहीत आहे काय. या पाहणीस पाच मिनिटे पुरतात. तिची नोंद यंत्राच्या नोंदवहीत तारखेसह व्हावी. काच फुटल्याची नोंद झाल्यास, ती बदलेपर्यंत यंत्र नाल्यात किंवा खड्ड्याच्या काठावर लावू नये.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील निदेशकांनाही यात वाटा उचलता येईल. जुन्या चौकटीवर बीडिंग व दोरीने काच बसवण्याचे प्रात्यक्षिक एका तासात दाखवता येते. हे कसब तालुक्याच्या ठिकाणी उपलब्ध झाले, तर वेल्डिंगचा आधार घेण्याची गरजच उरणार नाही.

यंत्रामुळे कष्ट वाचतात आणि काम लवकर उरकते, हे खरे. पण गाळाने भरलेल्या नाल्याच्या काठावर त्या यंत्रात एक माणूस बसलेला असतो आणि त्याच्या पाठीमागे एक काच असते. ती काच मजबूत असली पाहिजे, स्वच्छ असली पाहिजे आणि त्याने ढकलताच बाहेर पडली पाहिजे. या तिन्ही गोष्टी पाहिल्याशिवाय दुरुस्तीच्या बिलावर सही होऊ नये.